एकोणतीस म्हणजे किती

आमच्या पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पाढे चालत. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि शाळेच्या आधी नि नंतर घरी शिकवणी घ्यायचे. नागपूरच्या धरमपेठेतलं ते भाड्याचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे सतरंजी, लाकडी फळा आणि भिंतीवरचं घड्याळ, मधे आम्हा दोघी बहिणींची खोली, आणि मागे स्वयंपाकघर. आई भिवापूरची. तिच्या माहेरहून मिरच्यांचं पोतं यायचं, आणि त्या मिरचीची फोडणी पडली की पडद्यापलीकडचा पाढा मधेच तुटायचा. सगळी मुलं एकदम खोकू लागायची. बाबा आतल्या बाजूला बघून म्हणायचे, "अहो, जरा दहा मिनिटं थांबता का," आणि आई झाकण ठेवून हसायची. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की ओल्या वाळ्याचा वास, खडूची धूळ आणि फोडणी हे सगळं एकत्र व्हायचं. माझं लहानपण आठवायला बसले की मला आधी तो वास येतो आणि मग तो एकसुरी आवाज, ज्यात माझा आवाज कधीच नव्हता.

माझं नाव मंदाकिनी, घरी मंदा. शाळेतल्या मुलींनी त्याचं काय केलं असेल ते सांगायला नको. पण मी मंद नव्हते. पहिलीत असतानाच मी दुकानांच्या पाट्या, पुड्यांचे कागद, आईची व्रताची पोथी, जे हाती लागेल ते वाचत असे. कविता एकदा ऐकली की पाठ व्हायची. आणि तीच मी आकडे समोर आले की कुठे जायचे, मलाच कळत नसे. आपल्या मराठीनं माझ्यासाठी ते आणखी अवघड करून ठेवलं होतं. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मी पाच आधी लिहायचे आणि बावन्न होऊन बसायचे. त्रेसष्ट आणि छत्तीस मला एकाच माणसाचे दोन चेहरे वाटत. सगळ्यांत वाईट एकोणतीस. सुरुवातीला एक, शेवटी तीस, आणि लिहायचा मात्र दोन आणि नऊ. बाबा म्हणायचे, "तीसला एक कमी, एवढंच तर आहे." मी मान डोलवायचे. त्या क्षणी मला खरंच कळलेलं असायचं. बाबा पुढच्या मुलाकडे वळून परत माझ्याकडे येईपर्यंत ते गेलेलं असायचं, पुसल्यासारखं नाही, कधी नव्हतंच असं.

बाबांनी काय काय केलं नाही. चिंचोक्यांचे ढीग मांडले. पुठ्ठ्याचं घड्याळ कापून त्याला टाचणीनं काटे बसवले. पाढ्यांना चाल लावून पाहिली. चाल मला पाठ झाली, पाढे झाले नाहीत. त्यांनी मला कधी मारलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या काळात तेच सोपं होतं. दुसऱ्यांची मुलं त्यांच्याकडे रडत यायची आणि हसत जायची. गावभर त्यांचं नाव होतं, की दगडालाही गणित शिकवतील. मग हा एक दगड त्यांच्याच घरात का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसेल, पण तो त्या सतरंजीवर रोज बसलेला असायचा. लोक आईला विचारत, "पोरगी वाचते तर फडाफडा, मग गणितातच काहून अडते? आळस असंन." आई म्हणायची, "होईल हळूहळू." माझी धाकटी बहीण कुंदा तेव्हाच तोंडी हिशेब करायला लागली होती. एका संध्याकाळी बाबांनी तिला पुढे बोलावलं आणि मला म्हणाले, "मंदा, तू आत बस. आईला मदत कर." आवाज अगदी साधा होता. त्यांनी जाता जाता मधला पडदा ओढून घेतला. त्यापूर्वी तो पडदा मी कधी पूर्ण ओढलेला पाहिला नव्हता.

तेव्हापासून ती माझी जागा झाली, पडद्याच्या आतली. मी तिथे बसून गोष्टींची पुस्तकं वाचायचे आणि पलीकडे बाबा कुणाला तरी शाबासकी द्यायचे. कुणी मला बोललं नाही, टोमणा मारला नाही. पण जेवताना बाबा कुंदाला कोडी घालायचे आणि मला आणखी काही हवं का विचारायचे. एवढाच फरक होता, आणि तो रोज दोन वेळा व्हायचा. शाळेत मी घड्याळाच्या तासाला पोट दुखतं म्हणून बाहेर जायचे. डावं-उजवं कळत नसे म्हणून कवायतीत शेवटच्या रांगेत उभी राहायचे, पुढचीकडे बघून वळायला. मैत्रिणी झाल्या नाहीत. लंगडी, खो-खो, सागरगोटे, सगळ्यांत मोजायचं असतं. मोजता न येणारी मुलगी खेळ बिघडवते.

आता माझ्या नातीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हे लिहायला बसले. रेवा, माझ्या लेकीची मुलगी, चौथीत आहे. तिच्या शाळेनं तपासणी करायला सांगितली तेव्हा मी सोबत गेले. तपासणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. त्यांनी रेवाला ठिपके दाखवले, घड्याळं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, आणि मग आम्हाला सांगितलं की याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. बुद्धी कमी असते असं नाही, आळसही नाही. संख्या ओळखण्याची, मनात धरून ठेवण्याची मेंदूची रीतच वेगळी असते. ते बरं होत नाही, पण वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर पुष्कळ जमतं, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर, जास्तीचा वेळ मिळतो. माझी लेक रडायला लागली. मी विचारलं, "घड्याळही?" बाई म्हणाल्या, "हो आजी. घड्याळ, डावं-उजवं, फोन नंबर, सगळं यात येऊ शकतं. पुष्कळदा घराण्यात असतं. तुमच्याकडे कुणाला होतं का?" मी म्हटलं, मला. आणि मग म्हटलं, आणखी एकीला.

ती माझी शांताआत्या. बाबांची एकुलती एक धाकटी बहीण, पारशिवनीला दिलेली. तिच्या यजमानांची, आमच्या आतोबांची, शेती होती. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे ती फारशी येत नसे. आली तरी स्वयंपाकघरात आईजवळ बसायची, पुढच्या खोलीत पाय ठेवत नसे. घरात तिच्याविषयी बोलताना "भोळी आहे बिचारी" असं म्हणत, आणि विषय तिथेच संपे.

नववीला मी गणितात नापास झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी बाबांना बोलावून घेतलं. त्या काळी मुलींना गणित सोडून त्याऐवजी गृहशास्त्र घ्यायची मुभा होती. बाई म्हणाल्या, पोरगी मराठीत वर्गात पहिली आहे, एका विषयासाठी तिचं मॅट्रिक अडवू नका, या अर्जावर सही करा. बाबांनी सही केली नाही. घरी येऊन आईला म्हणाले, "मी गावाला गणित शिकवतो आणि माझी मुलगी गणित सोडणार? पुन्हा नववीला बसेल. गणितात पास झाली तर पुढे, नाहीतर शिकणं पुरे." आई पोळ्या लाटत राहिली. मी मधल्या खोलीत होते. पास होणार नाही हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत असावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोकं शांत होईल म्हणून आईनं मला पारशिवनीला पाठवलं.

आत्याच्या घरी ऐसपैस अंगण, कडुनिंब, आणि दिवसभर कुणी नाही. आतोबा सकाळीच वावरात जायचे. मोजकं बोलायचे, तेही जेवणाबद्दल. आत्या उन्हाळी कामात बुडालेली असायची. पहिले काही दिवस मी तिच्याजवळ नुसती बसून होते. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोळ्या करताना ती तोंडानं काही तरी पुटपुटायची. मला वाटलं देवाचं नाव असेल. एकदा जवळ गेले तर ऐकू आलं, "ही यायची, ही यायची, ही मंदीची, ही मंदीची, ही माही, ही गड्याची." "यायची" म्हणजे आतोबांची. ती पोळ्या मोजत नव्हती. माणसांना वाटत होती. मी घरी ताटं मांडताना असंच करायचे, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

पुढे दोनचार दिवसांनी पाहुणे यायचे होते. आतोबा अंगणात बैल बांधत होते, तिथून त्यांनी विचारलं, "किती वाजले पाह्य वं." ओसरीवर भिंतीचं घड्याळ होतं. आत्याचे हात पिठात होते. ती मला म्हणाली, "मंदे, जाय, पाहून सांग." मी ओसरीवर जाऊन घड्याळासमोर उभी राहिले. दोन काटे होते, ते कुठेतरी होते. मागं आले आणि म्हटलं, "मला दिसलं नाही, आत्या." तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हात पुसून ती स्वतः गेली. ती घड्याळासमोर उभी राहिली, माझ्याएवढाच वेळ. आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "अवो, बंद पडलं वाटते. तुमीच पाहा, किल्ली द्या." घड्याळ चालू होतं. टिकटिक मला आत स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होती.

आतोबा हात धुऊन आले, घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चालून तर राहिलं," आणि पाण्याचा तांब्या उचलून गेले. त्यांना संशयही आला नाही. इतक्या वर्षांत किती वेळा असं झालं असेल.

पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात सरगुंडे करत बसलो होतो. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, काडी काढून घ्यायची आणि वेटोळी उन्हात टाकायची. खाली बघून काम करता येतं, म्हणून असेल, ती बोलली.

"तुले बी समजत नाही नं घड्याळ?"

मी म्हटलं, "नाही."

"आकडे?"

"दिसतात. राहत नाहीत."

ती मान खाली घालून गुंडाळत राहिली. "मले वाटे, मी एकलीच आहो," म्हणाली. "इतकी मोठी झाली, अजून कोनी भेटलं नव्हतं."

मग ती सांगत गेली. अजान झाली की भाजी चढवायची. शाळेची घंटा झाली की गाई येतील. नागपूरची गाडी गेली की यायचं जेवण. बाजारात एकाच बाईकडून घ्यायचं, ती फसवत नाही म्हणून. बोलावणं आलं की कोणत्या दिवशी, किती वाजता हे दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं विचारायला लावायचं, म्हणजे आपणही ऐकतो. "मानूस थकून जाते वं," ती म्हणाली. "काम करून नाही थकत. लपवून थकते." आतोबांना माहीत आहे का, मी विचारलं. तिनं मान हलवली. लग्न झाल्यापासून तिनं हे एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

मी तिला माझ्या परीक्षेचं सांगितलं, सहीचं सांगितलं. शाळा उघडायच्या आधी मला पोचवायला आतोबांऐवजी तीच निघाली. स्टँडवर तिनं गाडीची पाटी वाचली, तरी कंडक्टरला विचारलं, आणि बसल्यावर शेजारच्या बाईलाही विचारलं. मला हसू आलं नाही. मीही मनातल्या मनात तेच विचारत होते.

त्या संध्याकाळी शिकवणीची मुलं गेल्यावर आत्या पुढच्या खोलीत गेली. मी आणि कुंदा मधल्या खोलीत होतो. पडदा होता, पण पडद्यानं आवाज कधी अडतो?

"दादा, मंदीच्या कागदावर सही काहून नाही केली?"

"तुला त्यातलं काही कळत नाही, शांते," बाबा म्हणाले. रागानं नाही, सवयीनं.

"मले शाळेतून काढलं तेव्हा तू आपल्या बाबासोबत बसला होता."

"मी मॅट्रिकला होतो. माझं कोण ऐकणार होतं?"

"मी दोष नाही देऊन राहिली. तू मले शिकवायचा, याद आहे नं. चुकली का तू हसायचा. मंग मी चुकायच्या आंधीच हसून घ्यायची, म्हंजे तुह्यं हसू लागनार नाही. या पोट्टीचं माह्यासारखंच आहे."

"तुझ्यासारखं म्हणजे कसं? तू घर चालवतेस, संसार करतेस."

"दादा, मले घड्याळ नाही समजत. आजपावेतो नाही. यायलेही मालूम नाही."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आत्या मुलांच्या सतरंजीवर बसली होती. बाबा उठले, भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. मला वाटतं, त्यांना दुसरं काही सुचलंच नसेल. शिकवणं एवढंच त्यांना येत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "हा लहान काटा पाह्य. हा कुठं आहे?" बाबा आमच्याशी कधी असं बोलत नसत. शाळेतली भाषा सुटून त्यांची घरची भाषा आली होती. त्यांनी समजावलं. पुन्हा समजावलं. इतक्या मुलांना शिकवताना मी त्यांना ऐकलं होतं, पण इतकं छान शिकवताना कधीच ऐकलं नाही. आत्या "हो" म्हणत होती, बोटानं दाखवत होती, बरोबर सांगत होती. मग बाबांनी काटे फिरवले आणि विचारलं, "आता?" ती घड्याळाकडे पाहत राहिली. नऊवारीचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"राहू दे, दादा," ती म्हणाली.

बाबांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. चष्मा काढला, आणि तो पुसायचं सोडून नुसता हातात धरून बसले. कुंदा माझ्या शेजारून फटीतून बघत होती. आतून आईनं जेवायला बोलावलं, आणि कुणी उठलं नाही.

बाबांनी अर्जावर सही केली. शाळेनं मला पुन्हा नववीत न बसवता पुढे जाऊ दिलं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे; त्या दोन वर्षांत मी गृहशास्त्र शिकले, शिवण शिकले, मराठीत शाळेत पहिली आले आणि मॅट्रिक पास झाले. निकाल लागला त्या दिवशी बाबा म्हणाले, "बरं झालं," आणि शिकवणीला गेले. मी पुढे बी.ए. केलं, मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. पेपरांच्या गुणांची बेरीज शेजारच्या वर्गाच्या बाई करून देत, मी त्यांच्या वर्गाचे निबंध तपासत असे. का, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्न झालं, लेक झाली. नवऱ्यालाही पुष्कळ वर्षं कळलं नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच ना?" चांगला माणूस होता. पण त्या "एवढंच"मध्ये काय काय होतं ते त्याला समजावणं मला जमलं नाही.

बाबा आणि मी त्या संध्याकाळबद्दल कधीच बोललो नाही. मला वाटायचं ते बोलतील. म्हातारपणी ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. ते आकाशाकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. एकदा त्यांनी शांताचं नाव घेतलं. ते म्हणाले, "तिच्या हातचे सरगुंडे फार चांगले असायचे." मग त्यांना झोप लागली.

आत्याला भेटणं मात्र फारसं झालं नाही. माझी नोकरी, घर, तिची शेती. आतोबा गेल्यावर ती तिथेच एकटी राहिली. पुढे तिच्या घरी फोन बसला. लोक म्हणत, म्हातारी कुणाला फोन करत नाही, तिला कुणाची आठवण येत नाही. मला माहीत होतं ती का करत नाही. मी फोन लावायला बसले की आकड्यांची अदलाबदल व्हायची आणि पलीकडून कुणी अनोळखी माणूस "कोन पाहिजे?" म्हणून विचारायचा. मग मी माझ्या लेकीला लावून द्यायला सांगायचे. तिकडेही शेजारची सून उचलून आत्याच्या हातात द्यायची. दोन्हीकडे कुणी ना कुणी उभं असायचं.

"बरी आहेस ना, आत्या?"

"हो. तू बरी आहे नं?"

"हो."

तपासणाऱ्या बाईंनी ते नाव सांगितलं त्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं, कुणाला तरी सांगावं. रेवा तिच्या आईच्या कुशीत होती आणि दोघी खूप दिवसांनी हसत होत्या. त्यांना त्रास द्यावासा वाटला नाही. जिला सांगायचं होतं ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आणि ती असती तरी मी काय केलं असतं? लेकीला तिचा नंबर लावून द्यायला सांगितलं असतं, ती पलीकडे आली असती, तिच्याजवळ कुणी उभं असतं, माझ्याजवळ कुणी. आम्ही थोडा वेळ एकमेकींचा श्वास ऐकला असता. मग कुणीतरी विचारलं असतं, झालं का बोलून, आणि आम्ही दोघींनी हो म्हटलं असतं.